बाई, सोनसावर फुलली

बाई, सोनसावर फुलली. आज मी डोंगरावर जाऊन आले, एकटी. आपलं भांडण मिटलं आहे. कोण खरं निघालं ते सांगणार आहे, पण लगेच नाही. तुम्ही कुठलीही गोष्ट शेवटाकडून सुरू करायच्या. “मेली बघ म्हैस” असं आधी म्हणायचं आणि मग ती म्हैस कोणत्या बाजारातून आणली तिथून सांगायचं. माझी रीत तशी नाही. मी पायवाट धरून येणार. आज तुम्हाला मधे तोडता येत नाही, तेव्हा ऐकून घ्या.

तुम्ही माघात गेलात. पळसाला तेव्हा नुसत्या काळ्या, मखमली कळ्या होत्या. तुमचा घसा बसला होता, आवाज उरलाच नव्हता. त्या आवाजासाठी सगळं गाव तुम्हाला ओळखायचं आणि तोच आधी गेला. तुमचं बोलणं मी ओठांवरून ओळखून घरातल्या बायकांना हळूच सांगत होते, पाणी हवं, गोधडी काढा, कवाड लोटा. एकदा तुम्ही ओठांनीच विचारलंत, पळस फुलला का. मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हा तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसा काही पळसाला उशीर मीच केला होता. मला हसू आलं. इतकं दुखत असताना तुम्हालाही आलं.

तर पहिल्यापासून. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते. मला लिहायला हुरूप आला आहे.

मी लग्न होऊन वालूरहून आले तेव्हा मला बोलता येत होतं, पण ते फक्त मला माहीत होतं. वालूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. पुढं निजामाच्या राज्यात सगळं उर्दूत होतं, म्हणून वडिलांनी काढून घेतलं. शाळेतही मी पाटीवर लिहून दाखवायची, तोंडानं उत्तर द्यायची नाही. सासरी तर पाटीही नव्हती. सासूबाई काही विचारायच्या आणि मी पदराचं टोक चावत उभी राहायची. थोरल्या मालकांसमोर, म्हणजे तुमच्या यजमानांसमोर, बोलण्याचा प्रश्नच नव्हता, ते ओसरीवर आले की मी आत. घरात मोठ्यानं बोलणाऱ्या तुम्ही, माझ्या थोरल्या जाऊबाई, एकट्याच. पूर्णेला रेल्वेच्या रुळांना लागून तुमच्या बापाचं शेत होतं, इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्यानं म्हशी हाकायला शिकलात तुम्ही. तुम्ही हळू बोललात तरी शेजारच्या घरातून कुणीतरी “व्हय” म्हणायचं.

आणि आपल्या गावची रीत अशी. डोंगरावर पडकं देऊळ आहे, चारठाण्याच्या देवळांसारखं काळ्या दगडाचं, पण त्यांच्याइतकं धड राहिलेलं नाही. खांब आडवे झालेत, शिखर कधीच गेलं, देवी दोन कलत्या दगडांच्या आडोशाला बसली आहे. उभी राहिली आहे ती फक्त दाराची चौकट. दोन्ही बाजूंना भिंत नाही, वर छप्पर नाही, मधेच नक्षीची चौकट. शेळ्या तिच्या बाजूनं आत जातात आणि बाहेर येतात. माणूस मात्र जात नाही. चैत्रातल्या जत्रेला नव्या सुनेनं त्या उंबऱ्यावर उभं राहायचं, खाली पायरीवर बसलेल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं, मगच आत पाय टाकून देवीची ओटी भरायची. नाव नाही घेतलं तर दार बंद. जिथं दारच नाही तिथं दार बंद.

पहिल्या वर्षी मी त्या उंबऱ्यावर उभी राहिले. हलगी थांबली. बायका थांबल्या. मी पायाशी बघत राहिले, सावली माझ्या पायाखाली येईपर्यंत. मग ओटीचं ताट तसंच भरलेलं खाली आलं. घरी आल्यावर सासूबाई ताट देव्हाऱ्यापाशी ठेवून म्हणाल्या की वालूरवाल्यांनी मुकी पोरगी आपल्या गळ्यात बांधली, पुढच्या जत्रेला हिनं तोंड उघडलं नाही तर माहेरी पोचवून यायचं, उघडेल तेव्हा आणायचं. त्या रागात बोलत नव्हत्या. त्या बाजरी निवडत बोलत होत्या, म्हणून मला जास्त भीती वाटली.

वर्ष गेलं. शिमगा झाला. जत्रा जवळ आली तशी माझी जेवायची वासना गेली. तेव्हा तुम्ही सासूबाईंना सांगितलंत की रंगपंचमीच्या रंगाला पळसाची फुलं लागतात आणि घरातली धायटीही संपली आहे, पोरांना हगवण लागली तर काय द्यायचं, मी धाकटीला घेऊन डोंगरावर जाऊन येते. सासूबाई म्हणाल्या, हिला कशाला. तुम्ही म्हणालात, “फुलं वेचायला तोंड लागत न्हाई.”

आणि आपण निघालो. बाई, तो दिवस! मी सपाटीवरची पोरगी. वालूरला फूल म्हणजे कापसाचं, नाहीतर करडईचं. डोंगर मी जत्रेच्या गर्दीत, पदरातून पायवाट बघत चढले होते. मोकळ्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. पायथ्याशी पळस असा पेटलेला की पान एक नाही, काळ्या फांद्यांवर नुसती ज्वाळा. त्याच्या वर पांगारा, त्याचा लाल वेगळा, मिरचीसारखा. मी एकदा इकडं बघायची, एकदा तिकडं, आणि तुम्ही म्हणायच्या, “मान मोडंल.” काटेसावरीखाली आलो तर वरून फुलं पडत होती, धप्प, धप्प, ओल्या पिठाच्या गोळ्यासारखी, आणि वर साळुंक्यांचा गलका. एक फूल माझ्या डोक्यावर पडलं, मी ओरडले. हो, ओरडले. तुम्ही थांबून माझ्याकडं बघितलंत आणि हळूच म्हणालात की आवाज हाय म्हणायचा.

मग तुमचं सुरू झालं. फूल दिसलं की त्यावर उखाणा. काटेसावरीला हात जोडून तुम्ही म्हणालात, “काटेसावरीला काटे फार, फूल बसलं उंच, किशनराव घोरायले की बिळात पळतो विंचू.” मी पदर तोंडात कोंबला. थोरल्या मालकांचं घोरणं सगळ्या घराला माहीत होतं, पण ते कुणी फुलात गुंफेल असं वाटलं नव्हतं. धायटीची बारकी लाल फुलं तोडून तुम्ही माझ्या हातावर ठेवलीत, मागच्या बाजूनं चोखायला सांगितलंत. मध. मी दुसरं तोडलं, तिसरं तोडलं. टोपली राहिली बाजूला. महसूल तपासायला गावात दौऱ्यावर आलेला गिरदावर शेतात उभा राहून कसा हुकूम सोडतो त्याची नक्कल करत तुम्ही झुडपाला म्हणालात की सरकारी मध चोरायला लागली ही, लिहून घ्या नाव. आणि लगेच माझ्याकडं वळून विचारलंत, “नाव काय नवऱ्याचं? बोल.”

मी गप्प. भुईरिंगणीचा काटा तुमच्या टाचेत गेला होता, तो काढायला खाली बसलात आणि तिच्या जांभळ्या फुलाला आईबहिणीवरून शिव्या दिल्यात.

चढाच्या शेवटी, जिथं माती संपून खडक लागतो, तिथं ती उभी होती. मी तिचं नाव विचारलं. तुम्ही म्हणालात, सोनसावर. अंगावर एक पान नाही, खोड राखेच्या रंगाचं, फांद्या वाकड्या, आणि टोकाटोकाला वाटीएवढी पिवळीधम्मक फुलं. कापसाचं फूल पिवळं असतं, पण ते भिऊन पिवळं असतं. हे खडकातून आलेलं, पाणी कुठून पितं कोण जाणे. मी तुम्हाला विचारलं, पान नसताना फूल आधी कसं येतं? माझं एवढं लांब वाक्य तुम्ही पहिल्यांदा ऐकलंत. तुम्ही म्हणालात, “त्याला कुणाला इचारायचं नसतंय.”

मग आपण चौकटीपाशी आलो. देवळात कुणी नव्हतं, असं वाटत होतं. तुम्ही म्हणालात, आधी मी करून दाखवते, तू नुसती बघ. पदर डोक्यावर नीट घेतलात, उंबऱ्यावर चढलात, खालची रिकामी पायरी बायकांनी भरली आहे असं समजून नजर फिरवलीत आणि डोंगर घुमेल अशा आवाजात म्हणालात:

“पळस पेटला डोंगराला, धूर दिसंना कुठं, मारोतरावांचं नाव घेते, उघड आई कवाड मोठं.”

आणि आत पाऊल टाकलंत.

मी बघतच राहिले. तुम्हालाही आधी कळलं नाही. मला शिकवायचं म्हणून माझ्या मालकांचं नाव घेतलंत, आणि देवीच्या दारात, नाव घेऊन, आत गेलात. म्हणजे देवीच्या लेखी तुम्ही तुमच्या धाकट्या दिराची बायको झालात. तुमचा चेहरा हळूहळू बदलला. तुम्ही उलट्या पावलानं बाहेर आलात आणि म्हणालात, “आगं माय. मी काय केलं.” मी हसायला लागले. मला थांबवता येईना. तुम्ही मला गप म्हणालात, देवी ऐकायलीय म्हणालात, आणि मग तुम्हीही खाली बसलात आणि पोट धरून हसलात. टोपलीतली फुलं सांडली.

तेवढ्यात आडव्या खांबामागून गुरवाची म्हातारी उठली. झाडायला आली होती, पडली होती सावलीला. तिनं सगळं ऐकलं होतं. तुमचं हसू पळालं. तुम्ही तिला हात जोडून विचारलंत, आता काय करायचं, उलटं कसं करायचं? म्हातारीनं तोंडातलं पान नीट चघळून घेतलं. म्हणाली, “आईला समदं कळतंय. तुमच्या गावातल्या बायांला कळू देऊ नका, म्हंजी झालं.” तरी तुमचा जीव राहिना. तुम्ही तिथंच किशनरावांचं नाव घेतलंत, घाईघाईनं, यमक जुळलं नाही तरी. म्हातारी म्हणाली, पुन्हा. पुन्हा घेतलंत. ती म्हणाली, मोठ्यानं. बाई, तुम्हाला कुणी मोठ्यानं बोल म्हटलेलं मी जन्मात त्या एकाच वेळी ऐकलं.

मला मात्र त्या दिवशी नाव घेता आलं नाही. उंबऱ्यावर उभी राहिले, ओठ हलवले, हसू आलं, रडू आलं, आवाज आला नाही. उतरताना तुम्ही माझा हात धरलात. जत्रेत मी ताट घेऊन तुझ्या मागं उभी राहीन, एवढंच म्हणालात. वाट उतरताना मी मनात एक उखाणा जुळवला. तुम्हालाही सांगितला नाही.

आणि जत्रा. इथूनच आपलं भांडण.

उंबऱ्यावर मी उभी राहिले. मागं तुम्ही, ताट हातात, पदर नाकापर्यंत. हलगी थांबली. सासूबाई समोरच्या पायरीवर बसल्या होत्या, हात मांडीवर. मी सोनसावरीकडं बघितलं, ती चौकटीतून दिसत होती, अर्धी फुलं गळालेली. कानात नुसता घों घों आवाज. मी डोळे मिटले. आणि आवाज आला:

“सोनसावरीचं पिवळं फूल, खाली तांबडी माती, मारोतरावांचं नाव घेते, जाऊ माझी सोबती.”

तो आवाज माझा नव्हता. जाडसर, उघडा, जात्याच्या दगडासारखा. बायका हसल्या, कुणी शाब्बास म्हणालं, हलगी वाजली, कुणीतरी मला आत ढकललं. मी देवीची ओटी भरली. सासूबाईंनी उतरताना माझ्या डोक्यावरचा पदर सारखा केला. माहेरी पोचवण्याची गोष्ट त्या दिवसानंतर निघाली नाही.

मला वाटलं, तुम्हीच बोललात. माझ्या खांद्यामागून, पदराआडून. तुमच्याशिवाय असा आवाज कुणाचा? त्याच संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, “मी न्हाई. तूच बोललीस.” मी म्हटलं, शपथ घ्या. तुम्ही देवीची घेतलीत. मी म्हटलं, देवीसमोर तुम्ही दिराचंही नाव घेतलंय, तुमची शपथ काय कामाची. तुम्ही म्हणालात, उखाणा तू जुळवला, मला ठाऊक तरी होता का? मी म्हटलं, उतरताना मी पुटपुटत होते, तुम्ही ऐकला असेल. तुम्ही म्हणालात, त्यात जावेचं कौतुक हाय, मी माझंच कौतुक कशाला करीन? आणि मी म्हटलं, तुम्ही दिवसभर दुसरं काय करता.

किती वर्षं चाललं हे. जात्यावर, निंदायला गेल्यावर, माझ्या बाळंतपणात. माझ्या कळा चालू असताना तुम्ही सुईणीसमोर म्हणालात, आता तरी वरड, न्हाईतर लेकरूबी मीच काढलं म्हणशील. भाजीत मीठ कुणी जास्त टाकलं यावरून बोलणं निघालं तरी शेवट त्याच उंबऱ्यावर व्हायचा. तुम्ही चिडायच्या. मी कधी कबूल केलं नाही. खरं सांगू का, मला ते तुमचंच असलेलं आवडायचं. तुम्ही माझ्या मागं उभ्या राहून माझं नशीब राखलंत, असं वाटलं की मला गप्प राहायला मोकळीक मिळायची. माझ्या वाटचं बोलायला तुम्ही होतात. भाजीवाल्याशी, सोयऱ्यांशी, थोरल्या मालकांशी. मी तुमच्या कानात सांगायची, तुम्ही जगाला सांगायच्या. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. उपकार मानायचेही राहिले. तुमच्या उशाशी बसून रोज म्हणायची, आज सांगीन, आणि पाणी पाजून उठायची.

तर आज. सकाळी अंगणातून बघितलं तर डोंगराच्या पायथ्याला लाल रेघ. पळस! मी कुणाला विचारलं नाही. टोपली घेतली आणि निघाले. बाई, सगळं तसंच आहे. काटेसावर तशीच धपाधप फुलं टाकते, साळुंक्या तशाच भांडतात. धायटी चोखली. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरल्यात, वास वाटेवर आडवा येतो, थांबावंच लागतं. तुमच्या वेळी करवंदीला एवढा बहर नव्हता, की आपण हसण्यात बघितलाच नाही? मी धापा टाकत वर गेले, आणि सोनसावर! एक फांदी मोडली आहे तिची, वाऱ्यानं असेल. उरलेल्यांवर फुलंच फुलं. ऊन त्यातून आरपार जात होतं.

चौकटीपाशी कुणी नव्हतं. खांबामागं जाऊन बघितलं, आपल्याला अनुभव आहे. मग उंबऱ्यावर चढले. कशासाठी, ते माहीत नव्हतं. जत्रा नाही, ताट नाही, मागं कुणी नाही. माझ्या मनात आलं की तुमच्याबरोबर उभा जन्म काढला आणि तुमचं नाव मी एकदाही घेतलं नाही. मोठ्या जावेचं नाव घ्यायचं नसतं, बाई म्हणायचं. मी डोळे मिटले नाहीत. सोनसावरीकडं बघत म्हटलं:

“करवंदीला पांढरी फुलं, वास येतो दुरून, भागीरथीबाईंचं नाव घेते, आले डोंगर चढून.”

आणि मी दचकून मागं बघितलं.

मागं कुणी नव्हतं. आवाज तोच होता. जाडसर, उघडा, जात्याच्या दगडासारखा. तोच, बाई! मी पुन्हा म्हटलं, खात्री करायला. मग नुसतंच तुमचं नाव घेतलं. मग मारोतरावांचं घेतलं. दरवेळी तोच आवाज, आणि तो माझ्या गळ्यातून येत होता, छातीवर हात ठेवला तर हाताला लागत होता. इतकी वर्षं तो माझ्याकडं होता आणि मी तो तुमच्या नावावर लावला.

मी आत गेले, देवीसमोर फुलं ओतली, आणि पळत सुटले. या वयात, त्या मुरमावरून! दोनदा घसरले. पळस कधी मागं पडला कळलं नाही. हे तुम्हाला सांगायचं होतं, लगेच, पदर सारखा करण्याआधी. तुमच्या खोलीच्या दारात आले तेव्हा वाक्य तोंडात तयार होतं. खाट उभी करून भिंतीला लावलेली आहे, हे मला ठाऊक होतं. मीच लावली होती.

तरी मी म्हटलं. “बाई, मीच होते.” जितक्या मोठ्यानं वर म्हटलं होतं तितक्याच मोठ्यानं.

ओसरीवर थोरले मालक बसले होते. तुम्ही गेल्यापासून ते कुणाशी धड बोलत नाहीत. त्यांच्यासमोर या घरात मी आजवर शब्द काढलेला नाही, त्यांना माझा आवाज माहीतच नाही. त्यांनी मान वर केली. म्हणाले, “कोण बोललं?”

मी खोलीच्या बाहेर आले. पदर घेतला, पण आत गेले नाही.

“मी बोलले,” मी म्हटलं. “डोंगरावर पळस फुललाय.”